पत्रू ड्रेसरनं मारलेली गाठ

बेलगट्ट्याच्या दवाखान्यात डॉक्टर नावाचा प्राणी महिन्यातून दोनदा दिसायचा, तोही मोटार मिळाली तर. बाकीचे दिवस दवाखाना म्हणजे पत्रू. पद ड्रेसरचं, पण लोकांना त्याचं काय करायचं? ताप असो, विंचू असो, अस्वलानं फाडलेला माणूस असो, सगळे त्यालाच डाक्टरभाऊ म्हणत. आणि हा गडी "मी डाक्टर नाई, बाप्पा" म्हणत म्हणत हात धुवायला घेई. मूळचा सावलीकडचा, धानाच्या पट्ट्यातला. सातवी पास होऊन जुन्या डॉक्टरांच्या हाताखाली लागला. जखमा धुता बांधता त्याच रानात त्याची उमर गेली.

करायचा तो सगळंच, पण त्याचा जीव अडकला होता भाजलेल्या माणसांत. त्याला कारणही तसंच. फागुन सरला की तिकडच्या रानात मोहफुलं गळायला लागतात. पाल्यात पडलेलं फूल दिसत नाही, म्हणून बायका आपापल्या झाडाखालचा वाळका पाला गोळा करून पेटवून देतात. काळी स्वच्छ जमीन झाली की पहाटे पिवळी फुलं वेचायला सोपी. हजार वर्षांची रीत, तिला नावं ठेवायची कुणाची प्राज्ञा नाही. पण वारा काही रीत पाळत नाही. त्या दीड महिन्यात कुणाचा हात, कुणाचा पाय, कुणाचं पोर भाजलं नाही असं साल जायचं नाही. रानावर निळसर धूर दिसायला लागला की पत्रूला घास गोड लागत नसे. दवाखान्याच्या ओसरीवर बसून तो पायवाटेकडे बघत राही. आज कोण येतं, एवढाच त्याचा विचार असे.

औषध एकच. नागपूरहून पत्र्याच्या डब्यातून जस्ताची पांढरी भुकटी यायची. ती फरशीवर ओतायची, तीत अरारूट घालायचं आणि व्हॅसलीनमध्ये घोटायचं. व्हॅसलीन संपलेलंच असायचं, मग तिळाचं तेल उकळून निववून त्यात घोटायचं. एकही खडा राहता कामा नये. पत्रू अर्धा अर्धा तास घोटत बसे, बोटावर घेऊन उजेडात धरी, पुन्हा घोटी. भाजलेली जागा मिठाच्या उकळल्या पाण्यानं धुतली की त्यावर हे मलम भाकरीच्या जाडीचं थापायचं, वर जुन्या धोतराच्या उकळलेल्या पट्ट्या गुंडाळायच्या, आणि आठ दिवस तिकडे बघायचंसुद्धा नाही. खाली नवी कातडी धरते. मधेच उघडलं तर ती पट्टीबरोबर सोलून निघते. पोरं त्याला चिडवायची, चुना लावाले आला म्हणून. तोही हसून म्हणायचा, लावतो ना, तुह्या बापालेबी लावला होता.

कोहकागुडा नावाचं अकरा मैल आत गोंडांचं एक गाव होतं. तिथल्या धुरपताचा हात त्यानं असाच बरा केला होता. ती तेव्हा अकरा-बारा वर्षांची, उकळती पेज कोपरापासून मनगटापर्यंत सांडलेली. नवव्या दिवशी पट्टी सोडली तर खाली गुलाबी कोवळी कातडी. पोरगी स्वतःचा हात उलटापालटा करून बघत राहिली आणि मग एकदम खुदकन हसली. पत्रू सांगायचा की तेव्हा त्याला रडू आलं होतं. त्या दिवसापासून धुरपता त्याला भाऊ म्हणायची. तो त्या गावात गेला की मोहाच्या पानात बांधून काहीतरी खायला आणून द्यायची आणि समोर बसून खायला लावायची.

पण सगळेच कुठे ऐकतात? त्याच गावातल्या कलाबाईनं नातवाची पट्टी तिसऱ्या दिवशी सोडली. पोरगं रडतं म्हणून सोडली, शेण आणि राख भरली आणि पुन्हा बांधली. पोराला धनुर्वात झाला. पत्रू पोचला तेव्हा ते लाकडासारखं ताठ झालेलं, वाचलं नाही. तो एवढा भडकला की त्या म्हातारीला नाही नाही ते बोलला. मग गावाबाहेरच्या पेनठाण्यापाशी, म्हणजे त्यांच्या देवाच्या जागेपाशी, डोकं धरून बसला. गावचा गायता वारलू, देवाचं सगळं करणारा म्हातारा, त्याच्याजवळ येऊन बसला. त्यानं सांगितलं की आमच्याकडे नवस बोलताना कपड्याला गाठ मारतात. देवासमोर मारलेली गाठ ज्यानं मारली त्यानंच सोडायची, दुसऱ्याच्या हाताला ती गाठ विस्तव आहे.

पत्रूच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. त्या दिवसापासून कोहकागुड्यात आणि आसपासच्या टोल्या-वाड्यांवर त्यानं पट्टीची शेवटची गाठ वारलूला बोलावून, देवाचं नाव घेऊन मारायला सुरुवात केली. गाठ माझी, मीच सोडीन. आणि अहो, काय गुण आला म्हणता! तीन सालांत एकोणीस भाजलेले, पण कुणी पट्टीला बोट लावलं नाही. एकोणीसच्या एकोणीस बरे झाले. रजिस्टरात त्यानं एकेकाचं नाव लाल शाईनं लिहून ठेवलं होतं.

फक्त वारलूनं पहिल्याच वेळी एक विचारलं होतं. "आन् तू आला नाई तं?" पत्रूनं ते हसण्यावारी नेलं. नवव्या दिवशी मी दारात उभा नसलो तर नाव बदलीन, म्हणाला.

साल पंचावन्नचं. चैतातला रविवार. दुपारी इतवारी, धुरपताचा नवरा, उघड्या अंगानं धावत दवाखान्यात आला आणि ओसरीवर बसकण मारून बसला. त्याला धापेमुळं बोलता येईना. पहाटे धुरपतानं आपल्या मोहाखालचा पाला पेटवला होता, बाळ दूर कापडावर निजवलं होतं. वारा फिरला. आग बाळाकडे निघाली तशी ही मधून धावली. बाळाला काही झालं नाही, पण हिचं लुगडं पेटलं.

पत्रूनं डबा, पट्ट्या, मिठाची पुडी झोळीत कोंबली आणि तो निघाला. वाटेत दोन्ही बाजूंनी रान धुमसत होतं. झाडांचे बुंधे काळे, खाली राखेत कुठे कुठे लाल डोळे उघडमीट करणारे. पाखरांचा आवाज नाही. मोहाचा गोड वास आणि धूर मिळून घशाशी येत होतं. इतवारी पुढे चालत होता, एकदाही मागे वळून न बघता.

धुरपता खाटेवर उताणी पडली होती. बाळ शेजारीच. पत्रूला बघून ती हसली. त्याला वाटलं होतं, ओरडण्याचा आवाज गावाबाहेर ऐकू येईल. इथे तर बाई शांत. पाऊल आणि पोटरी लालबुंद, फोड आलेले, तिथे हात लावला तर ती दात आवळून घेई. पण गुडघ्याच्या वर, सगळी मांडी कमरेपर्यंत, तिथे फोड नव्हते. तिथली कातडी पांढरट आणि चामड्यासारखी झाली होती. पत्रूनं बोटानं दाबून पाहिलं.

"इथी दुखते का, धुरपता?"

"नाई भाऊ. तिथी काईच नाई."

आता इथेच सांगतो, लपवाछपवी करत नाही. जुन्या डॉक्टरांनी त्याला एकदा बजावलं होतं. भाजलेला जो भाग टोचला तरी दुखत नाही तो मुळापर्यंत जळलेला असतो. तो झाकून ठेवू नकोस, चांद्याच्या मोठ्या दवाखान्यात पाठव. पत्रूला हे आठवलं नाही असं नाही. चांगलं आठवलं. पण चांदा म्हणजे बैलबंडीनं अख्खी रात्र बेलगट्टा, मग मोटार मिळेल तेव्हा मोटार. त्या धक्क्यांनी फोड फुटतील, धूळ बसेल, बाळ अंगावरचं. घरच्यांनीही माना हलवल्या. गेलेली माणसं तिकडून येत नाहीत, असं सासू म्हणाली. आणि खुद्द धुरपता म्हणाली, "तूच लाव भाऊ. मागं हात बरा केलता ना."

हे सगळं खरं. पण अजूनही एक होतं, आणि ते पत्रूनं फार वर्षांनी, म्हातारपणी, एकदाच बोलून दाखवलं. पुढच्या सोमवारी जिल्ह्याचे मोठे डॉक्टर दवाखाना तपासायला येणार होते. नव्या डॉक्टरांनी त्यांना सांगून ठेवलं होतं की आमचा एक ड्रेसर जस्ताच्या मलमानं भाजलेले बरे करतो, तीन सालांत एक दगावला नाही. साहेबांना ते रजिस्टर बघायचं होतं. पत्रूची कंपाउंडरची जागा त्यावर ठरायची होती. विसावं नाव चांद्याला पाठवलं असं त्या लाल शाईत लिहायचं त्याच्या जिवावर आलं. अरे माणसा! पण माणूसच तो, देव थोडाच होता.

त्यानं मलम थापलं, डबा निम्मा रिकामा झाला. पट्ट्या गुंडाळल्या. वारलू आला, देवाचं नाव घेतलं गेलं, आणि पत्रूनं कमरेपाशी गाठ मारली. वारलू गाठीकडे न बघता धुरपताच्या तोंडाकडे बघत होता. जाताना त्यानं पत्रूला फाटकापर्यंत पोचवलं. नवव्या दिवशी, पुढच्या सोमवारी येतो, असं सांगून पत्रू निघाला.

नववा दिवस उजाडला. त्या सोमवारी दवाखाना शेणानं सारवला, भिंतीला चुना दिला, बाटल्या ओळीनं लावल्या. पत्रूनं ठरवलं होतं, साहेब सकाळी येतील, दुपारी गेले की आपण कोहकागुड्याला पाय उचलू. वाट बघता बघता ऊन उतरलं. संध्याकाळी टपालाच्या मोटारीवरून निरोप आला, साहेब बुधवारी येतील. मोठ्या माणसांचं हे असंच असतं. त्यांचा सोमवार बुधवारी उजाडतो आणि आपण मात्र ताटकळायचं. पत्रूला रात्रभर झोप लागली नाही. दोन दिवसांनी काय होतं, असं तो स्वतःला म्हणत राहिला. गाठ पक्की आहे, कोणी उघडणार नाही. याचाच त्याला दिलासा वाटत होता.

मंगळवारी सकाळी इतवारी आला. रात्रीच निघाला असावा. तो ओसरीवर चढला नाही, खाली अंगणात उभा राहिला. नवे डॉक्टर आत होते, चपराशी झाडत होता, सगळी गडबड. पत्रूच त्याच्याकडे गेला.

इतवारी म्हणाला, "भाऊ, तू आला नाई."

पत्रूनं साहेबांचं सांगितलं. इतवारीनं मान हलवली, त्याला ते कळलंही असेल. मग तो हळूच म्हणाला, "वास येऊन राह्यला."

"थोडासा येतेच. मलम जुनं झालं का येतेच. ताप हाय?"

"रातच्याले अंग तापते. बडबडते."

"दुखते म्हन्ते का?"

"नाई. दुखत नाई म्हन्ते."

इतवारी पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होता. मग त्यानं तेच विचारलं, जे विचारायला तो रातोरात अकरा मैल चालून आला होता.

"भाऊ, मी सोडू का?"

एक शब्द. हो म्हणायचं होतं. सोड, मिठाच्या पाण्यानं धू, बंडीत घाल आणि घेऊन ये, एवढंच. बेलगट्ट्यात डॉक्टर त्या दिवशी हजर होते, मोटारही येणार होती. पण पत्रूच्या डोळ्यांपुढे कलाबाईचा नातू आला, राख आली, शेण आलं. एकानं गाठ सोडली तर उद्या सगळे सोडतील, तीन सालांची मेहनत पाण्यात जाईल. हे त्याच्या मनात आलं, आणि त्याच्यामागून लाल शाईतलं विसावं नावही आलं. कोणतं आधी आणि कोणतं नंतर, हे त्याचं त्यालाच ठाऊक.

"नाई," तो म्हणाला. "सोडू नोको. मी परवा येतो."

इतवारीनं मान डोलावली. त्याच्या चेहऱ्यावर सुटका झाल्यासारखं दिसलं, कारण जाणत्या माणसानं सांगितलं होतं. तो रांजणातलं पाणी प्यायला आणि आल्या पावली परत गेला.

बुधवारी साहेब आले नाहीत. उद्या नक्की, असा निरोप आला. गुरुवारी दुपारपर्यंत वाट बघून पत्रूनं झोळी उचलली, तर नव्या डॉक्टरांनी त्याला दारातच अडवलं. तू गेलास आणि साहेब आले तर दाखवू कोणाला, म्हणाले. पत्रूनं झोळी खाली ठेवली. त्या दिवशी रानावरचा धूर एवढा दाट होता की सूर्य तांब्याच्या ताटलीसारखा दिसत होता, आणि पत्रू दिवसभर सारखे हात धूत होता. चपराशी म्हणालासुद्धा, भाऊ, कातडी निघन आता.

शुक्रवारी सकाळी साहेब आले. वाईट माणूस नव्हता हो. वयस्कर, कमी बोलणारा. त्यांनी रजिस्टर उघडलं आणि एकेक पान नीट वाचलं. डब्यातली भुकटी चिमटीत घेऊन पाहिली, घोटलेलं मलम बोटावर घेतलं आणि म्हणाले, चांगलं घोटता. पत्रूचा ऊर भरून आला. इतक्या वर्षांत त्याच्या घोटण्याकडे कुणी पाहिलं नव्हतं. मग साहेबांनी चष्मा काढून पुसता पुसता सहज विचारलं, "हे वरवर भाजलेल्यांचं झालं. खोल भाजलेले तुम्ही एक दिवसाआड उघडून बघता ना? खाली सडायला लागलं तर ते कापून काढावं लागतं, नाहीतर विष अंगात भिनतं."

"हो साहेब," पत्रू म्हणाला.

त्याच्या तोंडून ते गेलं कसं, ते त्यालाही कळलं नाही. साहेब पुढे गेले, देवीच्या लशीचं विचारू लागले. पत्रू मागच्या दारानं बाहेर पडला. झोळी घेतली, मिठाची पुडी घेतली, आणि कोणाला न सांगता पायवाटेला लागला. कंपाउंडरची जागा गेली खड्ड्यात. तो धावत होता, दम लागला की चालत होता, पुन्हा धावत होता. भर उन्हात डोक्याला काही नव्हतं. मनात तो सगळा हिशेब मांडत होता. अजून वेळ आहे. पट्टी सोडायची, सडलेलं काढायचं, सायंकाळी बंडी जुंपायची, साहेबांची मोटार अजून बेलगट्ट्यात असेल तर त्यांच्याच पाया पडायचं. धुरपता दणकट आहे. बाळ अंगावरचं आहे, ती काही अशी जाणार नाही. देवा, एवढं कर, तो मोठ्यानं म्हणत होता, आणि आपण कोणत्या देवाला म्हणतो आहोत हेही त्याला कळत नव्हतं.

ऊन कलताना तो गावात शिरला. वाटेवर कुणी नव्हतं. कुत्रंही भुंकलं नाही. इतवारीच्या अंगणात सगळं गाव बसलं होतं, बायका एका अंगाला, पुरुष एका अंगाला. पत्रू दिसताच माणसं बाजूला सरकली आणि मधून वाट झाली. त्याला वाटलं होतं, कुणीतरी कुऱ्हाड उचलेल. खरंच सांगतो, उचलली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

खाट अंगणात आणून ठेवली होती. धुरपताच्या अंगावर नवं लुगडं पांघरलेलं होतं, भोवती ऊद जळत होता आणि तरीही वास लपत नव्हता. बाळ सासूच्या मांडीवर रडत होतं. धुरपता पहाटेच गेली होती. पहाटेपासून आतापर्यंत, चैताच्या त्या उन्हात, तिला मातीला द्यायचं सोडून सगळं गाव उपाशी बसून राहिलं होतं. का, ते पत्रूला कळेना. तो वारलूकडे बघत राहिला.

वारलू म्हणाला, "देवाची गाठ अंगावर ठेवून तिले कसं न्यायचं? तुही वाट पाहून राह्यलो."

इतवारी उठून जवळ आला. डोळे कोरडे. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. असलाच तर दिलेला शब्द पाळल्याचा थोडा अभिमान होता.

"भाऊ, आमी कोनीच हात नाई लावला," तो म्हणाला. "ती लय म्हने, सोडा सोडा. रातभर म्हने. मी तिचे हात धरून ठेवले. तूच सांगतलं होतं."

पत्रू खाटेपाशी गुडघ्यावर बसला. लुगड्याची कड बाजूला केली. अंग सुजून पट्टी आत रुतली होती आणि गाठ दगडासारखी झाली होती. त्याची नखं धरत नव्हती. त्यानं झोळीतली कात्री काढली, पण वारलूनं त्याच्या मनगटावर हात ठेवला आणि नाही म्हणून मान हलवली. गाठ कापायची नसते, सोडायची असते. पत्रूनं कात्री खाली ठेवली.

ती गाठ सोडायला त्याला फार वेळ लागला. तोवर कुणी जागचं हललं नाही.